आकडा मान्य नसलेला क्लायंट आणि इतर काही प्रश्न

मूल्यांकन करणाऱ्यांकडून या वेळी आलेल्या पत्रांत पद्धतींविषयीचे प्रश्न थोडे आणि माणसांविषयीचे जास्त आहेत. कुणी घरं-इमारती बघतं, कुणी यंत्रसामग्री, कुणी दागिने. तक्रारींचं मूळ मात्र बहुतेक पत्रांत एकच निघालं: काम हातात घेताना जे कागदावर यायला हवं होतं, ते तोंडीच राहिलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: फोनवर पहिलाच सवाल येतो, ‘साधारण किती निघेल?’ टाळलं तर माणूस दुसऱ्याकडे जातो. नुसता अंदाज सांगायला हरकत काय?

तोंडी सांगितलेला अंदाज तुम्ही विसरता, क्लायंट विसरत नाही. पाहणीनंतर आकडा खाली आला की ‘तुम्हीच तर म्हणाला होतात’ इथूनच वादाला सुरुवात होते. त्याहून वाईट म्हणजे तुमचं स्वतःचं मन त्या आकड्याला अडकतं. तुलनेसाठी तशाच मालमत्तांच्या झालेल्या दहा व्यवहारांतून चार निवडायचे असतात, तेव्हा नकळत त्याच्या आसपासचेच हाताला लागतात. अमेरिकेत मूल्यांकनाची ‘युस्पॅप’ ही मानकं आहेत. ठरलेला निष्कर्ष देण्याच्या अटीवर काम घ्यायला त्यांच्या नैतिकतेच्या नियमातच मनाई आहे. ही अट क्लायंट क्वचितच उघडपणे घालतो. ती ‘साधारण किती’च्या रूपातच येते.

फोनवर तुम्ही पाच गोष्टी विचारा: वस्तू काय आहे, मूल्यांकन कशासाठी हवं, अहवाल कोण वापरणार, किंमत कोणत्या तारखेची हवी आणि अहवाल कधीपर्यंत. मग सांगा, ‘कागद आणि जागा बघितल्याशिवाय मी आकडा देत नाही. पण फी किती, दिवस किती, कोणते कागद लागतील आणि कोणत्या पद्धतीने काम करीन, ते आत्ताच सांगतो.’ ज्याला खरोखर अहवाल हवा आहे, त्याला एवढं पुरतं. जो तरीही आकड्यावर अडून बसतो, त्याचं काम गेलं तर जाऊ द्यावं. अशांचं काम पुढे दुप्पट वेळ खातं.

एक फरक ध्यानात ठेवा. ‘या घराचा विक्री करार अमुक रकमेला झाला आहे’ ही माहिती आहे. ती नाकारायची नाही, करार मागवायचा, वाचायचा आणि त्याचा विचार अहवालात नोंदवायचा. ‘मला अमुक रकमेचा अहवाल लागेल’ ही मागणी आहे. तीसुद्धा तारखेसह फाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि ‘असं ठरवून काम घेता येत नाही’ असं उत्तर लेखी द्या.

प्रश्न: नेमणूकपत्र किती सविस्तर असावं? दहा पानी पत्र बघून लहान क्लायंट बिचकतात.

दोन पानं पुरेत. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांत, म्हणजे ‘आयव्हीएस’मध्ये, 101 क्रमांकाचं मानक कामाच्या व्याप्तीवरच आहे. त्याची सध्याची आवृत्ती 31 जानेवारी 2025 पासून लागू झाली. त्यातले मुद्दे साध्या भाषेत उतरवले की पत्र तयार होतं: क्लायंट कोण, अहवालावर आणखी कोण विसंबू शकतं, वस्तू नेमकी कोणती आणि तिच्यातला कोणता हक्क मोजायचा (मालकी, भाडेपट्टा, हिस्सा), हेतू, मूल्याचा आधार (किंमत कोणत्या अर्थाने मोजायची), मूल्यांकनाची तारीख, पाहणी कुठवर, कोणती माहिती न पडताळता गृहीत धरणार, अहवालाचं स्वरूप आणि फी.

यातल्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पहिली तारखेची. पाहणीची तारीख, मूल्यांकनाची तारीख आणि अहवालाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसाहक्काच्या कामात किंमत अनेकदा मृत्यूच्या दिवशीची लागते आणि पाहणी होते दोन वर्षांनी. मधल्या काळात नवं स्वयंपाकघर झालं असेल तर ते किमतीतून वगळावं लागतं. हे आधी सांगितलं नाही, तर ‘इतका खर्च केला तो कुठे गेला?’ हे ऐकावं लागणारच.

दुसरी ओळ मूल्याच्या आधाराची. एका यंत्र-मूल्यांकनकारांनी लिहिलं आहे की एकाच लेथ मशीनचे तीन आकडे बघून क्लायंटला फसवणुकीचा संशय आला. त्यांनी आधीच कागदावर असं मांडून दाखवायला हवं होतं: तसंच नवं यंत्र बसवून चालू करायला 100 रुपये लागतात असं धरू. आयुष्य 20 वर्षं, वापर 8 वर्षं, शेवटी उरणारी किंमत 10. सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखाच, घसारा धरला तर 90 भागिले 20 गुणिले 8, म्हणजे 36. उरले 64. नव्याने उभं करण्याच्या खर्चावर विमा असेल तर 100 हा आकडा कामाचा. चालू कारखान्यात जागेवर उभ्या यंत्राला 64 च्या आसपासचा आकडा, तोही बाजारातल्या जुन्या यंत्रांच्या व्यवहारांशी ताडून आणि तंत्रज्ञान मागे पडलं असेल तर आणखी कापून. आणि महिनाभरात उचलून विकायचं असेल, तर यातून उखडण्याचा, वाहतुकीचा खर्च आणि घाईची घट जाईल. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. नेमणूकपत्रात ‘मूल्यांकन करून देणे’ एवढंच लिहिलं असेल, तर क्लायंट स्वतःला सोयीचा आकडा उचलतो.

प्रश्न: अहवाल दिल्यावर क्लायंट म्हणतो, ‘कमी आलंय, जरा बघा.’ संबंध तर टिकवायचे आहेत. अशा वेळी नेमकं काय करावं?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

त्या फोनवर बचाव करू नका आणि ‘बघतो’ असंही म्हणू नका. ‘बघतो’चा अर्थ समोरचा माणूस ‘वाढवतो’ असा घेतो. म्हणा, ‘हरकत लेखी पाठवा. काय चुकलं आहे आणि त्याला आधार काय, एवढं लिहा. मी पाच दिवसांत लेखी उत्तर देईन.’ निम्म्या हरकती इथेच संपतात, कारण आधार काहीच नसतो.

उरलेल्यांचे दोन भाग करा. एक, अहवालातल्या तथ्यांवरची हरकत: क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, मजला, नेमप्लेटवरचा मॉडेल क्रमांक, सुटलेला तुलनेचा व्यवहार. ही तपासायचीच, चूक निघाली तर विनाशुल्क सुधारायची. दुसरी, परिणामावरची हरकत: ‘कर्ज बसत नाही’, ‘शेजाऱ्याचं जास्त आलं’, ‘भागीदार तयार होणार नाही’. हिला उत्तर द्यायचं, पण आकडा तिच्यामुळे हलत नाही.

क्षेत्रफळाची हरकत आली की आधी विचारा, मोजलं कुठून कुठवर? घर बाहेरून 10 बाय 12 मीटर म्हणजे 120 चौरस मीटर. बाहेरच्या भिंती 230 मिलिमीटरच्या असतील तर आतून ते 9.54 बाय 11.54 भरतं, म्हणजे जेमतेम 110. सुमारे 8 टक्के भिंतींनीच खाल्ले. क्लायंटच्या हातातला कागद बाहेरच्या मापाचा, तुमचा अहवाल आतल्या मापाचा, आणि दोघंही खरे. तुलनेच्या घरांचे दरही आतल्याच मापावर काढले असतील तर किमतीत काही चूक नाही. आतल्या क्षेत्रफळाला बाहेरच्या मापाचा दर लावला गेला असेल, तर चूक खरी आहे आणि ती तुमची आहे.

क्लायंटने तुलनेचे व्यवहार पाठवले तर प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. हा प्रत्यक्ष झालेला व्यवहार आहे की जाहिरातीतली मागणी? मूल्यांकनाच्या तारखेपूर्वीचा आहे का? व्यवहार परक्या माणसांत झाला की नात्यात? किमतीत फर्निचर, जास्तीची जागा, उधारीची सवलत असं आणखी काही गुंतलं आहे का? समजा तीन व्यवहार आले. पहिला नुसता मागणीचा भाव निघाला, दुसरा मूल्यांकनाच्या तारखेनंतर तीन महिन्यांनी झाला, तिसरा खरा पण फर्निचरसह. पहिले दोन का घेतले नाहीत ते एकेका ओळीत लिहा. तिसऱ्यातून फर्निचर वजा करा, आकारमान आणि अवस्थेचा फरक जुळवा आणि तो तक्त्यात घाला. निष्कर्ष हलला तर हलू द्या. एक टक्काच हलला तरी तो क्लायंटला दाखवा. व्यवहार मनापासून तपासला गेला हे त्याला दिसतं आणि बऱ्याचदा त्याला तेवढंच हवं असतं.

अहवाल बदलला तर जुन्या फाइलवर नवी फाइल चढवू नका. नव्या अहवालावर ‘सुधारित 1’, नवी अहवाल-तारीख, तीच मूल्यांकन-तारीख आणि काय बदललं, का बदललं याचा एक परिच्छेद हवा. जुना अहवाल ज्यांना ज्यांना गेला, त्या सर्वांना तो मागे घेतल्याचं कळवा. जुनी प्रत तुमच्याकडे राहतेच. या पायरीत कुचराई झाली की एकाच तारखेचे, एकाच सहीचे दोन आकडे बाजारात फिरतात आणि पुढे कुठल्याही चौकशीत तुमच्याकडे उत्तर नसतं.

‘दुसऱ्या मूल्यांकनकाराने 7 टक्के जास्त दिलं’ असंही ऐकू येतं. दोन प्रामाणिक माणसांत एवढा फरक पडू शकतो. इंग्लंडमध्ये 1977 च्या एका निकालात न्यायालयाने दोन्ही बाजूंना 10 टक्के आणि अपवादात्मक परिस्थितीत 15 टक्के फरक मान्य होऊ शकतो असं धरलं. 2010 च्या निकालात ही चौकट अधिक बारीक झाली: साध्या राहत्या घराला 5, एकमेव प्रकारच्या मालमत्तेला 10, फारच अवघड प्रकरणात 15. हे आकडे निष्काळजीपणाचे दावे तपासण्यासाठीचे आहेत, म्हणून ‘10 टक्के इकडेतिकडे करून द्या’ असा त्यांचा अर्थ कुणी काढू नये. काम नीट करूनही जो फरक उरतो त्यासाठी ही सूट आहे, क्लायंटच्या मागणीसाठी नाही.

आकडा अपेक्षेपेक्षा बराच खाली येणार असं दिसलं, तर अहवाल पाठवण्यापूर्वी क्लायंटला फोन जरूर करा. पण सही आधी, फोन नंतर. उलटं केलं की त्या फोनवर घासाघीस सुरू होते. तपासणीसाठी कच्चा खर्डा पाठवायचाच असेल तर फक्त वर्णनाची पानं पाठवा: पत्ता, मापं, खोल्या, यंत्रांची यादी, फोटो. मूल्याचं पान नाही.

प्रश्न: काम बँकेने दिलं, फी कर्जदाराने भरली. आता कर्जदार रोज फोन करून अहवाल मागतो. त्याचे पैसे घेतले आहेत, मग नाही कसं म्हणायचं?

पैसे कुणाच्या खिशातून आले यावर क्लायंट कोण ते ठरत नाही. ज्याने नेमलं तो क्लायंट, इथे बँक. अहवाल आणि त्यातला आकडा बँकेला गोपनीय. कर्जदाराला सांगायचं ते असं: ‘अहवाल अमुक दिवशी बँकेला दिला आहे, प्रत बँकेकडेच मागावी लागेल.’ आकडा वर गेला की खाली आला, हेही सांगायचं नाही. अवघडलेपण टाळायचं असेल तर हीच गोष्ट पाहणीच्या दिवशी, दारातच सांगून टाका. तेव्हा कुणी रागावत नाही.

दुसरा पेच लगेच येतो: बँकेने कर्ज नाकारलं, आता तोच अहवाल दुसऱ्या बँकेच्या नावाने करून द्या. नुसतं नाव बदलून द्यायचं नाही. क्लायंट बदलला म्हणजे काम बदललं. नवी नेमणूक, नवा हेतू, बहुधा नवी तारीख. पहिल्या बँकेची गोपनीय माहिती त्यात जाणार नाही याची काळजी घ्या आणि त्याच मालमत्तेवर आधी काम केल्याचं नव्या क्लायंटला सांगा. युस्पॅपमध्ये मागच्या तीन वर्षांतलं असं काम नवी नेमणूक घेण्यापूर्वीच उघड करावं लागतं. आपल्यावर तो नियम बंधनकारक असो वा नसो, सवय चांगली आहे.

अहवालात ‘फक्त क्लायंटच्या वापरासाठी’ लिहिलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. 1989 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, कर्जदात्या संस्थेसाठी साध्या घराची पाहणी करणाऱ्यावर ते घर घेणाऱ्याप्रतिही काळजी घेण्याची जबाबदारी आहे असं ठरवलं. घेणारा त्याच अहवालावर विसंबणार हे पाहणी करणाऱ्याला ठाऊक होतं आणि जबाबदारी झटकणारं कलम वाजवी ठरलं नाही.

प्रश्न: वाटणीसाठी दागिन्यांचं मूल्यांकन आहे. बोलावलं एका बहिणीने, हजर राहतात चौघंही भावंडं, आणि सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात.

चेहरा कोरा ठेवा. ‘वा, जुनं काम!’ असा एक शब्द निघाला की त्या नगाची किंमत चौघांच्या मनात चढते. कुणी मधेच विचारलं तर ‘अहवालात येईल’ हे एकच उत्तर, चौघांनाही.

सुरू करण्यापूर्वी ठरवून घ्या: क्लायंट एक की चौघं? चौघांच्या सह्या मिळत असतील तर उत्तम. मग प्रत्येक निरोप चौघांना एकाच वेळी जातो. एकीनेच नेमलं असेल तर अहवाल तिलाच, आणि बाकीच्यांना हे पाहणीपूर्वी सांगायचं.

वजन सगळ्यांसमोर करा. काट्याचं शून्य त्यांना दाखवा, नग ठेवा, आकडा मोठ्याने वाचा, काट्यासकट फोटो घ्या. दागिने शक्यतो तिथेच तपासा. न्यावेच लागले तर पावतीवर न तपासलेलं काही पक्कं लिहू नका: ‘पिवळ्या धातूची अंगठी, एक पांढरा पारदर्शक खडा, एकूण वजन अमुक’. ‘हिऱ्याची सोन्याची अंगठी’ असं लिहून दिलंत आणि खडा नंतर कृत्रिम निघाला, तर तो बदलल्याचा आरोप तुमच्यावर येतो.

कोंदणातल्या हिऱ्याचं वजन मापांवरून काढावं लागतं. गोल ब्रिलियंट घाटासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.0061, मापं मिलिमीटरमध्ये. 6.5 व्यास आणि 4 खोली असेल तर 1.03 कॅरट. व्यास 0.1 ने जास्त वाचला गेला तर तेच 1.06 होतं. बंद कोंदणात खोली नीट मोजता येत नाही, तिथे चूक आणखी वाढते. म्हणून अहवालात ‘कोंदणात असताना मापांवरून काढलेलं अंदाजे वजन’ असं स्पष्ट लिहा आणि खडा काढून तोलण्याचा पर्याय चौघांसमोर ठेवा. कॅरट एकच्या खाली उतरलं की दरही उतरतो, तेव्हा या दोन दशांश स्थळांवरून घरात भांडण पेटू शकतं.

आणि मूल्यांकन केलेला नग स्वतः विकत घेण्याची तयारी दाखवू नका. कितीही रास्त भाव दिलात तरी आधीचा आकडा कमी ठेवला, हेच मागे उरतं.

प्रश्न: फी मूल्याच्या टक्क्यांत घ्यावी का? आणि बुडणारी फी कशी वाचवावी?

टक्क्यांत नको. आकडा वाढला की तुमची कमाई वाढते असं दिसलं, तर अहवालावर कुणी का विश्वास ठेवावा? कर्ज मंजूर झालं तर, दावा जिंकला तर, अशा अटींवरची फीही याच कारणाने नको. वेळ, प्रवास, नगांची संख्या आणि अहवालाचं स्वरूप यांवरून ठोक रक्कम ठरवा. निम्मी नेमणुकीवेळी, उरलेली सही केलेला अहवाल देण्यापूर्वी. न्यायालयात साक्ष द्यायची असेल तर तिचा दर वेगळा, वेळेनुसार, आणि रक्कम साक्षीच्या आधी जमा. उलटतपासणीत ‘तुमची फी अजून येणं आहे का?’ असं विचारलं गेलं आणि ‘हो’ म्हणावं लागलं, तर चांगला अहवालही अडचणीत येतो.

हरकतीची एक फेरी फीमध्ये धरलेली आहे, हरकत अहवाल मिळाल्यापासून दहा दिवसांत यावी, त्यापुढचं नवं काम, हे नेमणूकपत्रातच लिहा.

प्रश्न: क्लायंट कागद देत नाही आणि उशीर झाल्याचं खापर माझ्यावर फोडतो.

मुदत नेमणुकीच्या दिवसापासून मोजू नका. शेवटचा कागद हाती पडला आणि पाहणी झाली, त्या दिवसापासून मोजा. कागदांची यादी पहिल्याच दिवशी पाठवा, काय आलं नाही ते दर आठवड्याला एका ओळीत कळवा. कागद मिळणारच नसेल तर त्याशिवाय काम होऊ शकतं का ते ठरवा. होत असेल तर गृहीतक म्हणून अहवालात ठळक लिहा आणि ते खोटं ठरलं तर मूल्य बदलेल हेही लिहा. मालकीच्याच कागदाचा प्रश्न असेल तर थांबलेलं बरं.

प्रश्न: माझं निम्म्याहून जास्त काम एकाच क्लायंटकडून येतं. अलीकडे ‘आपल्याच माणसासारखं करा’ अशी भाषा सुरू झाली आहे.

तो क्लायंट गेला तर तीन महिने कार्यालय चालेल का, हे आजच हिशोब करून बघा. चालत नसेल तर तुमचा नकार त्याला कधीच खरा वाटणार नाही. सोडायची घाई नको. नवी कामं मिळवून त्याचा वाटा हळूहळू खाली आणा, आणि तोवर त्याच्या कामांत दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासणी करून घ्या. पण ‘आपल्यासारखं करा’चा पुढचा फोन ठरावीक आकडा घेऊन आला, तर ते काम त्याच दिवशी लेखी परत करा. कारण एका ओळीत: ‘या अटीवर स्वतंत्र मत देता येणार नाही.’ घेतलेली आगाऊ रक्कम, झालेल्या कामाचा हिशोब जोडून, सोबत परत.

प्रश्न: संपलेल्या कामाची फाइल किती वर्षं ठेवायची?

युस्पॅपची मुदत अशी: अहवाल तयार झाल्यापासून किमान पाच वर्षं, किंवा ज्या खटल्यात तुम्ही साक्ष दिली त्याचा अंतिम निकाल लागल्यापासून दोन वर्षं, यांतली जी नंतर संपेल ती. तुमच्या इथला कायदा किंवा विमा कंपनी जास्त मागत असेल तर तेवढी. फाइलमध्ये फक्त अहवाल नको. मोजमापांची मूळ वही, वेळ दिसणारे फोटो, न घेतलेले व्यवहार आणि ते का सोडले याच्या नोंदी, आणि क्लायंटशी झालेला सगळा पत्रव्यवहार, मोबाइलवरच्या संदेशांसकट. फोन बदलताना हे संदेशच आधी हरवतात, तेव्हा काम संपलं की त्याच आठवड्यात ते फाइलमध्ये उतरवून ठेवा.